लिऑनचे गोडवे

हाजी मबरूकच्या ऑलिव्हच्या बागेत तिजानी मस्मूदी शिरले तेच नाक मुरडत. "हाजी, ही झाडं आहेत की खराटे?"

झाडावरचा माल उचलायचा तर आधी त्याला नावं ठेवायची. आणि बाग नकोच असेल तर तिचं तोंडभर कौतुक करून, चहा पिऊन निघायचं. ट्युनिशियातल्या स्फाक्समध्ये हे कुणाला शिकवावं लागत नाही. हाजीनं शपथांवर शपथा घातल्या, तिजानींनी दोनदा गाडीची किल्ली बाहेर काढली, आणि सौदा झाला.

परतताना पिकअपमध्ये शेजारी बसलेल्या त्यांच्या लेकीच्या, एमनाच्या डोक्यात वेगळाच सौदा घोळत होता. एमबीएसाठी तिला दोन कॉलेजांनी घेतलं होतं, एक फ्रान्सात लिऑनचं, एक इथलंच, राजधानीतलं, ट्युनिसचं. आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. तिला हवं होतं ट्युनिस. तिथे वर्ग शुक्रवार-शनिवारी. बाकीचे दिवस घरच्या घाण्यावर राहता आलं असतं. बाटलीबंद तेलाचा धंदा तिनंच उभा केला होता. ती लिऑनला गेली की तो चुलतभावाच्या हाती, आणि त्या शहाण्याला तेलाचा वास घेतला की शिंका यायच्या.

पण बाबांचं काय? लेकीला दोन्हीकडून होकार आल्यापासून ते कॉफीहाऊसात लिऑनचे गोडवे गात होते. ऐकणारे थकले, हे थकले नाहीत. त्यांचा हिरमोड कसा करायचा?

ट्युनिसला नावं ठेवली की बाबा हट्टानं त्याची बाजू घेतील, असा हिशेब करून तिनं सुरुवात केली.

"ट्युनिसचं काही खरं नाही, बाबा. इमारत भाड्याची, शिकवणारे निम्मे बँकेतून रिटायर झालेले. कॅन्टीनमधली कॉफी म्हणजे तर कोमट चिखल."

"हं."

"लिऑन बघा! नदीकाठ, काचेच्या इमारती..."

"थंडी कशी असते?"

"छान असते!"

तिजानींनी गाडी बाजूला घेतली. "थंडीला छान म्हणतेस? तू? डिसेंबरात अंगणात जायला दोन स्वेटर लागतात तुला!" मग डोळे बारीक करून म्हणाले, "ट्युनिस हवंय तुला."

एमनानं हळूच मान डोलावली.

"अगं, मग बोलायचं ना!"

"तुम्हीच तर कॉफीहाऊसात इतकी स्तुती..."

"स्तुती!" त्यांनी स्टिअरिंगवर हात आपटला. "इतकी वर्षं माझ्याबरोबर बागा हिंडतेस, आणि मी स्तुती कशाची करतो हे तुला कळलं नाही? मला वाटलं, तुला जायचंय. आडवं कसं यायचं? म्हणून बसलो गोडवे गात."

एमनाला हसू आवरेना. सगळ्या गावाचे डावपेच ओळखणारी ती, स्वतःच्या बापाचे बोल मात्र तिनं छापील भावानं घेतले होते.

तिनं मोबाइल काढून तिथंच ट्युनिसला होकार पाठवला.

"आता कॉफीहाऊसातल्या मंडळींना काय सांगणार?"

"सांगेन, लिऑनवाले फार मागे लागले होते, मीच नाही म्हटलं." गाडी पुन्हा रस्त्याला लागली. थोडं अंतर ते शिट्टी वाजवत होते. "त्या बँकवाल्यांत तेलातलं कळणारं कोणी आहे का गं?"

"नाही, बाबा."

"मग एखाद्या शनिवारी येतो मी. मागच्या बाकावर बसेन, एक शब्द बोलणार नाही."

"बाबा, प्लीज!"

"एकच प्रश्न विचारेन," तिजानी म्हणाले.