फोटोतली अनोळखी मुलगी

निवृत्त झाल्यावर पुंजाजी गुरुजींनी आपल्या शाळेचा इतिहास लिहायला घेतला. मानोऱ्याजवळच्या त्या गावात त्यांची बहुतेक नोकरी गेली होती. जुन्या बातम्या शोधायला ते एसटीने कारंज्याच्या वाचनालयात जात. तिथे एका बंद पडलेल्या साप्ताहिकाचे अंक बांधून ठेवलेले होते.

१९८७ च्या ऑगस्टमधल्या अंकात त्यांना शाळेच्या प्रभातफेरीची बातमी सापडली आणि तिच्या शेजारी एक फोटो. नाल्याच्या पुरात कलंडलेला टेम्पो, काठावर माणसं, आणि छातीभर पाण्यात एक शाळकरी मुलगी. तिच्या खांद्यावर लहान मूल होतं. खाली छापलं होतं, ‘मंगळवारी बालकाला बाहेर काढताना एक अनोळखी मुलगी.’

गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मुलगी अनोळखी नव्हती. ती गावाजवळच्या बंजारा तांड्यावरची रुपा होती.

तो मंगळवार त्यांना नीट आठवत होता. त्या दिवशी मानोऱ्याला पुढे शिकणाऱ्या मुलींच्या वसतिगृहासाठी निवड होती. सातवीतल्या रुपासाठी गुरुजींनी स्वतः शब्द टाकला होता, आणि ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी ती वाटेतल्या नाल्याच्या पुराचं, टेम्पोचं सांगू लागली, तेव्हा त्यांनी भर वर्गात तिला खोटारडी म्हटलं. वर्ग हसला. रुपा पुन्हा शाळेत आली नाही. दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली, आणि गुरुजींनी दाखल्याच्या रजिस्टरात कारण लिहिलं, ‘सतत गैरहजर’.

त्या पानाची झेरॉक्स घेऊन ते दुसऱ्याच दिवशी तांड्यावर गेले. रुपाबाई अंगणात तूर पाखडत होती. पन्नाशीची बाई, केस पिकलेले. तिने गुरुजींना लगेच ओळखलं, बाज टाकली, पाणी दिलं. गुरुजींनी कागद पुढे केला.

तिने आधी फोटो पाहिला. मग खालची ओळ वाचायला लागली, एकेका अक्षरावर बोट ठेवून, अडखळत. हीच मुलगी वर्गात सगळ्यांत आधी धडा वाचून दाखवायची. गुरुजींना मान वर करवेना.

वाचून झाल्यावर तिने विचारलं, “गुरुजी, हा पेपर तं शाळेत येत होता ना?”

“येत होता.”

“मंग तुमी पाह्यला नाही?”

गुरुजींनी पाहिला होता. प्रभातफेरीची बातमी कापून त्यांनीच फलकावर लावली होती. शेजारच्या फोटोकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं. त्यांनी ते तिला तसंच सांगितलं आणि म्हणाले, “रुपा, माझं चुकलं.”

तिने फोटोतल्या मुलावर बोट ठेवलं. ते मूल कोणाचं होतं, जगलं का, तिला कधीच कळलं नव्हतं. तिची आई मात्र मरेपर्यंत म्हणायची, त्या दिवशी तू नाल्यात उतरली नसतीस तर शिकली असतीस.

गुरुजी म्हणाले की पुस्तकात हा फोटो नावासकट छापतो.

“छापा,” रुपाबाई म्हणाली. “पण मी शाळा काहून सोडली, थेबी खरं लिवा.”

गुरुजींनी लिहिलं, तिचं नाव घालून आणि स्वतःचंही. शाळा समितीतल्या लोकांनी समजावलं की एवढ्या वर्षांनी स्वतःच्या हाताने कशाला कमीपणा घेता. गुरुजींनी तो मजकूर काढू दिला नाही.

पुस्तक जानेवारीत निघालं. एक प्रत घेऊन ते तांड्यावर गेले, तेव्हा रुपाबाईच्या दाराला कुलूप होतं. नवऱ्याबरोबर ती ऊसतोडीला गेली होती, चैत्राशिवाय परतणार नव्हती. शेजारीण म्हणाली, ठेवून जा, आली की देईन. गुरुजींनी पुस्तक तिच्या हाती दिलं खरं, पण थोडं पुढे जाऊन ते मागे फिरले, पुस्तक परत घेतलं आणि म्हणाले, “चैत्रात मीच येतो.”