द्रौपदीच्या घरातला बसस्टॉप

मी बसस्टॉपचा खांब बोलतोय. आत या, चपला बाहेर काढा. बसची रांग इथूनच लागते आणि स्टोव्हला वळसा घालून मोरीपर्यंत जाते. मोरीपाशी जरा जपून, घसरायला होतं.

ऐंशीच्या सुमारास मला कांजूरमार्गला रस्त्याच्या कडेला पुरलं, तेव्हा आजूबाजूला नुसतं गवत होतं. डोक्यावर लाल पाटी, काय रुबाब होता म्हणता! मग जालन्याकडून अंबादास आणि त्याची बायको द्रौपदी आले. त्यांनी माझ्या मागे झोपडं बांधलं. पोरं झाली तशी भिंत पुढे सरकत गेली, आणि एका उन्हाळ्यात मला ओलांडूनच गेली. छपराच्या पत्र्याला भोक पाडून माझं डोकं तेवढं बाहेर ठेवलं. कमरेला दोरी बांधली, तिच्यावर पोरांची दुपटी वाळायला लागली. रुबाब गेला चुलीत!

मला वाटलं, आता लोक भांडतील. छे! स्टॉप आत गेला म्हणून लोकही आत आले. मुलुंडला निघालेल्या बायका रांगेत उभ्या राहून द्रौपदीची मेथी निवडून द्यायच्या. कंडक्टर गुणाजी मालवणचा. बस दारात लावून तो आत डोकावायचा, "वैनी, माणसां सोड गो! चायत अडकवलंस काय सगळ्यांका?"

मग एक दिवस तोडकामवाले आले. द्रौपदी पदर खोचून पुढे झाली. "पाडा की! पण भिंतीसंगं खांब पडंल. तो बसवाल्यांचा हाय. त्यांना उत्तर तुमी द्या." त्यांच्या साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बसवाल्यांना विचारून येतो म्हणाले, आणि रांगेत उभे राहून आमच्याच बसने परत गेले.

पण गेल्या महिन्यात पुरती वाट लागली. ही बसच बंद झाली. बस नाही तर स्टॉप नाही, आणि स्टॉप नाही तर द्रौपदीचं घर नाही. अंबादास भांडी पोत्यात भरायला लागला. मला फार वाईट वाटलं हो. रडलो असतो, पण आम्हा लोखंडाला ओल सोसत नाही.

"ठेवा ती भांडी खाली," द्रौपदी म्हणाली. "रांग हाय तवर स्टॉप हाय."

दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती तिच्या घरात रांगेत उभी. साहेब आले. "अहो, बस कुठाय?"

"येतीय ना, सायेब," द्रौपदी म्हणाली. "मुंबईत बस कधी टायमावर आलीय?"

साहेबांना ते पटलं. थोडा वेळ त्यांनीही वाट पाहिली.

ते अधूनमधून अजून येतात, म्हणून रांग रोज लावावी लागते. पण लोकांना कामधंदे आहेत. रांग रोडावत चाललीय. काल तर द्रौपदी एकटीच उभी होती, धाकट्या नातीला कडेवर घेऊन. साहेब दारातून बघून गेले.

म्हणून हात नसताना हात जोडतो. कांजूरमार्गला आलात तर घटकाभर आत येऊन उभे राहा. कुठे जायचंय, असं कोणी विचारणार नाही. सगळ्यांत पुढे उभी आहे ना, त्या बाईला तर कुठेच जायचं नाहीये.