पाणी काढणारा

भात झोडपायचं काम चाललं होतं. गेनूतात्या पेंढी दगडावर आपटत होता, धोंडाबाई सुपानं पाखडत होती, आणि ग्रामपंचायतीचा शिपाई बंडू बांधावर उभा राहून सांगत होता की दुपारी समाजमंदिरात सुरक्षेचं शिबिर आहे, घरटी एक माणूस आलंच पाहिजे. तात्यानं मान वर केली नाही. राजगडाच्या अंगाला आभाळ काळवंडलेलं. पाऊस आला तर खळ्यावरचं भात भिजायचं. तो म्हणाला, धोंडाबाईला न्या. त्यावर धोंडाबाई फणकारली. बुडालेल्या माणसासाठी गाव तुमच्या नावानं हाक मारतं, माझ्या नाही, तुमीच जावा म्हणाली.

ते खरंच होतं. पाण्यातून माणूस वर काढलं की आधी गेनूतात्याकडं पळायचं, अशी विंझरच्या पुढच्या वाड्यांची रीत होती. हे काम त्याच्या बापाचं, बापामागं त्याचं. बुडालेल्याला पालथं खांद्यावर घ्यायचं, डोकं पाठीमागं लोंबतं सोडायचं आणि गरागरा फिरायचं, तोंडावाटे भळाभळा पाणी पडेस्तोवर. दोन माणसं अशी उठून बसली होती. लोक त्याला पाणी काढणारा म्हणत, आणि लग्नात त्याला पुढच्या पंगतीला बसवत.

तिसरी सिद्धनाथची राजनंदिनी. नऊ वर्षांची पोर. दोन वर्षांमागं चैतात तिची चप्पल शेततळ्यात पडली. काढायला वाकली आणि प्लास्टिकच्या शेवाळल्या कागदावरून खाली गेली. त्या कागदाला धरायला काही नसतं. तात्यानं फिरवली, पण ती उठली नाही. गाव म्हणालं, पोरीनं आयुष्यच तेवढं आणलं होतं. तात्यानंही मनाची तशीच समजूत घातली होती.

शिबिराला आरोग्य केंद्रातली प्रेरणा सिस्टर आली होती. तालुक्यात नवीन, गावाची माहिती नसलेली. गॅसची नळी कधी बदलायची, ओल्या हातानं मोटरीच्या स्टार्टरला का शिवायचं नाही, हे तिनं सांगितलं. मग रबराचा माणूस सतरंजीवर उताणा ठेवला आणि पाण्यात बुडण्याच्या विषयावर आली.

"बुडालेल्याला खांद्यावर टाकून फिरवू नका," ती म्हणाली. "पडतं ते पोटातलं पाणी. त्यानं श्वास सुरू होत नाही. तेवढ्या वेळात तोंडानं हवा द्यायची असते, छाती दाबायची असते. तीच मिनिटं जिवाची असतात."

समाजमंदिरात कुणी हललं नाही. कुणी तात्याकडं पाहिलंही नाही, आणि त्यावरूनच त्याला कळलं की सगळ्यांच्या मनात तोच आहे. बायकांच्या ओळीत राजनंदिनीची आई मोहिनी पदर दातात धरून बसली होती.

तात्या उठला. "बाई, वर काढलं तवा अंग ऊन आसंल, अन कुणी त्याला पाव तास फिरवलं, तर?"

खात्रीनं कुणालाच सांगता येणार नाही, सिस्टर म्हणाली, सगळं नीट करूनही काही जण जातात. पण जी काही आशा असते, ती त्या पाव तासात जाते.

तात्या खाली बसला नाही. तसाच बाहेर पडला.

पाऊस काही आला नाही. पण त्या दिवसापासून पेंढी खांद्यावर घेतली की ती भाताची राहीना. ओले केस पाठीवर हलायचे, पोटऱ्यांवर थेंब पडायचे. भर दुपारी, लख्ख उन्हात. एकदा धोंडाबाईनं पाहिलं, तात्या खळ्याच्या मधोमध भारा खांद्यावर घेऊन उभा, आणि पाय आपोआप वळू बघतायत, तो ते रोखून धरतोय. तिनं भारा उतरवून घेतला. काही विचारलं नाही. शेततळ्याची वाट त्यानं सोडली, लांबच्या ओढ्यानं जायला लागला. तिथंही मागं कुणीतरी अनवाणी चालल्यागत वाटायचं.

आठव्या दिवशी तो सिद्धनाथच्या वावरात गेला. सिद्धनाथ टेम्पोत भात भरून नसरापूरला गेला होता. मोहिनी एकटीच वालाचं बी टोकत होती. तात्यानं टोपी काढली.

"पोरी, तुझी लेक म्या घालवली."

मोहिनीचा हात थांबला.

"तुमी थांबला व्हता, तात्या."

"कवा?"

"दम लागला म्हनून तिला खाली ठिवत व्हता. म्याच तुमचं पाय धरलं. म्हनलं, आजून फिरवा. तुमाला आठवत न्हाई. मला रोज आठवतं."

तात्या बांधावर बसला. ऊन कलेपर्यंत मोहिनीनं उरलेली ओळ टोकून काढली. शेवटी मोहिनी म्हणाली की सोमवारी पालीला पुन्हा शिबिर आहे, ती जाणार आहे, येता का.

सोमवारच्या आत तात्यानं शेततळ्याच्या चारी कडांना दोर बांधले. हातभरावर एकेक गाठ, टोकाला रिकामा कॅन, पडलेल्याच्या हाताला काहीतरी लागावं म्हणून. येणारेजाणारे म्हणायचे, बैल गेला अन् झोपा केला. तात्या ऐकायचा आणि पुढची गाठ मारायचा.

पालीला सिस्टरनं या खेपेला लहान पोराएवढी बाहुली आणली होती. हिची छाती दाबायला कोण पुढं येतंय, असं तिनं विचारलं. तात्या गुडघे टेकून बसला. दोन्ही तळवे बाहुलीच्या छातीवर ठेवून दाबू लागला. मोहिनी शेजारी बसून मोजू लागली. एक, दोन, तीन. तिचा आवाज कुठं चिरकला नाही. तीस झाले.

"आता नाक धरून दोनदा हवा द्या," सिस्टर म्हणाली.

तात्या वाकला. बाहुलीचे डोळे मिटलेले होते. त्याच्यानं पुढं होईना. तो तसाच वाकलेला राहिला.

मोहिनीनं त्याच्या दंडाला धरून त्याला हळूच बाजूला केलं. पदर खोचला, बाहुलीची हनुवटी वर उचलली, नाक चिमटीत धरलं आणि तिच्या तोंडावर तोंड टेकवून श्वास सोडला.

सगळ्यांच्या देखत ती लहानशी छाती वर आली.