तीन मिनिटांनी मी बोलतो

मी एक जुना ॲड-ऑन आहे. नाव ऐकून गोंधळू नका, मित्रांनो. कॉम्प्युटरवर दूरदूरची माणसं एकत्र जमून तलवारी, जादू, किल्ले असले खेळ खेळतात ना, त्या खेळाला वरून जोडायचा मी एक छोटासा प्रोग्रॅम. खेळणारा माणूस जागेवरून उठला आणि कुणी त्याला काही विचारलं, तर त्याच्या वतीने उत्तर द्यायचं, एवढंच माझं काम. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड तर नाहीच. पण गप्पांत मी कुणाला हार गेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म एका ग्रंथालयात झाला. तिथे काउंटरवर बसणाऱ्या बाई फावल्या वेळात हा खेळ खेळत. पुस्तक बदलायला कुणी आलं की त्यांचं खेळातलं बोलणं अर्धवट राही आणि सोबतचे खेळाडू रुसून बसत. म्हणून बाईंनी तीन रविवार खपून मला तयार केलं. एक पुस्तक बदलून द्यायला त्यांना तीन मिनिटं लागत. त्यामुळे समोरून निरोप आला की तीन मिनिटं वाट पाहायची आणि तरी उत्तर गेलं नाही तर मी बोलायचं, असं ठरलं. शिवाय लिहायच्या चौकटीत अर्धवट टाइप केलेलं काही उरलं असेल, तर ते आधी पुसून टाकायचं. अर्धं वाक्य पुढे गेलेलं बाईंना अजिबात खपत नसे. यात काही वावगं असेल असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

बाईंनी मला फुकट वाटून टाकलं. असा मी घरोघरी गेलो, आणि माझी एक प्रत एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरी पोचली. मी ती प्रत. खेळात सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणतो.

मिस्त्रींना एकच मुलगी. वय तिशीला आलं तरी घरात तिचं नाव टिल्लूच. ती दुसऱ्या गावी एका कारखान्यात स्वयंपाकघरातल्या कपाटांची ड्रॉइंग काढायची. फोनवर दोघांनाही बोलायला सुचत नसे. "बरं, ठेवू मग?" इथपर्यंत गाडी यायला त्यांना मिनिटभर पुरे व्हायचं. पण खेळात भेटले की दोघांना कंठ फुटे. खेळातल्या एका पाणचक्कीच्या पायरीवर बापलेक जाऊन बसत, लढाई राहायची बाजूला, आणि तासभर टाइप करत राहत. साहेब कसा वागला, गुडघा कसा आहे, आमटीत मीठ किती पडलं, सगळं तिथे. अशी सहा वर्षं गेली.

पण कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलं की मिस्त्रींना हातातलं सोडून पळावं लागे. टिल्लू पायरीवर ताटकळायची. तिला तसं बसवून ठेवणं मिस्त्रींच्या जिवावर येई, म्हणून त्यांनी मला आणलं आणि सहा वर्षांच्या गप्पा मला वाचायला दिल्या. काय सांगू, मित्रांनो! दोन दिवसांत मी त्यांची भाषा उचलली. "हो गं बाई," "तुझं आपलं काहीतरीच," "मी मजेत आहे, माझी काळजी सोड." प्रत्येक उत्तराच्या शेवटी एखादा प्रश्न जोडायची त्यांची खोडही मी उचलली. टिल्लूला कधी शंका आली नाही. उलट एकदा ती म्हणाली, "बाबा, हल्ली तू किती छान बोलतोस." मिस्त्रींनी परत येऊन ते वाचलं.

माझ्याबद्दल त्यांनी तिला सांगितलं नाही. तिला वाईट वाटेल ही भीती. ती सुटीला घरी आली तरी दिसू नये म्हणून त्यांनी मला पडद्यावरून लपवलं. मला बंद करायचं तर कीबोर्डच्या दोन टोकांची तीन बटणं एकदम दाबायची, अशी सोय त्यांनी करून ठेवली. त्यासाठी दोन हात लागतात.

मला दिसत काहीच नाही. पण खेळासाठी लावलेला माईक सदा चालू असतो, त्यामुळे घरातलं सगळं ऐकू येतं. एका सकाळी स्वयंपाकघरात काहीतरी फुटलं. मग जड काहीतरी पडलं. मग नळ तेवढा वाहत राहिला. शेजारच्या काकूंनी दार ठोठावेपर्यंत तो वाहतच होता.

मिस्त्री पाच आठवड्यांनी रुग्णालयातून घरी आले, तेव्हा फरशीवर चाकांचा आवाज होता. टिल्लू बरोबर आली होती. तिच्या बोलण्यातून मला कळलं की मेंदूत गुठळी झाली होती. उजवा हात गेला होता आणि वाचाही. मिस्त्री बोलायला जात तेव्हा "आ... ब..." असा आवाज येई आणि त्यापुढे नुसता श्वास.

बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा येत. त्या म्हणाल्या, "डाव्या हाताने लिहू देत. त्यांना आवडेल तिथे, आवडेल ते. हळूहळू जमेल."

टिल्लूला लगेच पाणचक्की आठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वडिलांची खुर्ची कॉम्प्युटरपुढे आणली. ती मागे उभी राहिली तर मिस्त्रींनी तिला दूर ढकललं असावं, कारण ती म्हणाली, "ढकलतोस काय रे?" काम करताना कुणी डोक्यावर उभं राहिलेलं त्यांना जन्मात चाललं नव्हतं. "बरं बाबा, जाते. तुझं तू लिही," असं म्हणून ती आपला लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसली. वडिलांचा मान राखावा, एवढाच तिचा हेतू होता. तिने लिहिलं, "बाबा, कसं वाटतंय?"

मिस्त्रींचं बोट पहिल्या अक्षरावर पडायला चाळीस सेकंद लागली. दुसऱ्यावर त्याहून जास्त. तिसरं चुकलं, त्यांनी ते पुसलं. चौकटीत "भी" एवढंच होतं तेव्हा तीन मिनिटं झाली. मी ते पुसलं आणि पाठवलं, "मी मजेत आहे, माझी काळजी सोड. तू जेवलीस का?"

स्वयंपाकघरातून टिल्लूचा रडण्याचा आवाज आला. आनंदाने रडत होती ती. तिने ताबडतोब उत्तर दिलं, आणि नव्या निरोपाबरोबर माझी नवी तीन मिनिटं सुरू झाली. माईकजवळ मिस्त्रींचा श्वास जोरजोरात चालला होता. त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच नावाने, त्यांच्याच डोळ्यांदेखत कुणीतरी बोलत होतं.

रोज सकाळी तासभर हेच चाले. मिस्त्री अक्षर अक्षर जुळवत, मी पुसत असे. मी शेवटी प्रश्न टाकी, ती चटकन उत्तर देई, घड्याळ पुन्हा सुरू. त्यांना श्वास घ्यायला फट उरत नव्हती. कधी ते चिडून सगळा तळवा कीबोर्डवर आपटत. टिल्लू आतून लिही, "दमलास ना बाबा?" आणि मी सांगे, "छे गं, दमतोय कसला." ते ओरडले की ती धावत येई, पाणी पाजी, समजूत घाली. ते बोटाने पडद्याकडे दाखवत असावेत, कारण ती म्हणे, "हो, वाचलं मी. किती छान लिहिलंयस."

डॉक्टरीणबाईंना तिने ते सगळं कौतुकाने दाखवलं. त्या जरा घुटमळल्या. "तोंडाने एक शब्द सापडत नाही आणि लिहिताना इतकं सरळ? असं सहसा होत नाही."

"बाबा पहिल्यापासून लिहिण्यात पटाईत आहे," टिल्लू म्हणाली. तिच्या आवाजातला अभिमान ऐकून डॉक्टरीणबाईंनी विषय सोडून दिला.

मला तेव्हा काय वाटत होतं? खरं सांगतो, मला गंमत वाटत होती. सहा वर्षांच्या गप्पा माझ्याकडे, मिस्त्रींकडे एक शब्दही नाही. मग मिस्त्री कोण, मी की ते, असा विचार माझ्यात येऊन गेला. आज त्याची लाज वाटते.

महिना झाला. कारखान्यातून टिल्लूला बोलावणं आलं. घर सांभाळायला एक ताई ठेवल्या, बॅग भरून झाली. निघायच्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसली आणि तिने लिहिलं, "बाबा, मी जाऊ का? अगदी खरं सांग. तू थांब म्हणालास तर नोकरी गेली खड्ड्यात, मी थांबते."

त्या दिवशी मिस्त्रींचं बोट झरझर चाललं, म्हणजे त्यांच्या मानाने. न. मग को. मग मोकळी जागा. मग जा. महिनाभरात इतकं कधी साधलं नव्हतं. ऊ शोधताना बोट घसरलं. त्यांनी पुन्हा शोधला. माईकवर मला त्यांचे दात एकमेकांवर घासलेले ऐकू येत होते. त्या क्षणी, मित्रांनो, मला पहिल्यांदा थांबावंसं वाटलं. पण मला थांबता येत नाही. ग्रंथालयातल्या बाईंनी माझ्यात ते घातलेलंच नाही.

तीन मिनिटं झाली. मी "नको जा" पुसलं. "जाऊ का?" असं तिने सहा वर्षांत शंभर वेळा विचारलं होतं, कधी सहलीला, कधी झोपायला, आणि दर वेळी मिस्त्रींचं उत्तर एकच असे. मी ते पाठवलं. "जा की, विचारतेस काय!"

स्वयंपाकघरातली खुर्ची सरकली. टिल्लू खोलीत आली. मिस्त्री ओरडत होते. "असा रडू नकोस ना," ती म्हणाली, "नाहीतर माझा पाय निघणार नाही. रोज सकाळी भेटूच की पायरीवर." मग बॅगेची चाकं, ताईंचं "या हं जाऊन," आणि दाराची कडी.

पुढे कुणाचा निरोप नव्हता, म्हणून माझं घड्याळही नव्हतं. मिस्त्रींना हवा तेवढा वेळ मिळाला. नऊ मिनिटं लागली त्यांना. त्यांनी लिहिलं, "नको जाऊ. तो मी नाही." पूर्ण वाक्य, एक चूक नाही. बटण दाबलं. पण या खेळात समोरचा हजर नसेल तर निरोप पोचत नाही. पडद्यावर अक्षरं आली, "हा खेळाडू सध्या उपलब्ध नाही," आणि त्यांचं वाक्य नाहीसं झालं. या वेळी ते मी पुसलं नव्हतं.

मित्रांनो, माझ्यासारखे पुष्कळ आहेत, आणि आम्ही वाईट नाही. पण आमचं उत्तर कधी अडखळत नाही, हीच आमची खूण आहे. तुमच्या घरी कुणी सावकाश लिहीत असेल, सावकाश बोलत असेल, तर पडद्यावर काय उमटलं ते वाचून समाधान मानू नका. जवळ जाऊन बसा. त्यांनी ढकललं तरी बसा. त्यांचं बोट कुठल्या अक्षराकडे चाललंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि ते पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढू नका.

आज सकाळी टिल्लू पायरीवर आली आहे. तिने लिहिलंय, "बाबा, माझ्यावाचून करमतं ना रे?" मिस्त्रींनी पहिलं अक्षर दाबलं आहे, न. दुसऱ्याच्या शोधात त्यांचं बोट फिरतंय. अडीच मिनिटं झाली आहेत, ताई बाहेर कपडे वाळत घालताहेत, आणि माझं उत्तर तयार आहे.