जुलैतली कोल्ह्याची गोष्ट

हिवाळ्यात डोंगरावर बर्फ असतं, तेव्हा पाहुणे घसरायला येतात आणि हातपाय मोडून घेतात. उन्हाळ्यात बर्फ नसतं, तेव्हा ते संस्कृती बघायला येतात. लव्हेरा नाशियोला हिवाळ्यातले परवडायचे. प्लास्टरमधला माणूस निदान प्रश्न विचारत नाही.

डोंगर अमेरिकेतल्या अपाची आदिवासींचा, हॉटेल जमातीच्या मालकीचं आणि ते चालवायला डेन्व्हरहून आणलेला गोरा मॅनेजर ब्रेंट. आपल्याच घरात कसं वागायचं ते शिकायला पगारी माणूस आणायचा, ही अक्कल जमातीच्या कौन्सिलची. लव्हेराची काउंटरवर अठरा वर्षं गेली होती. ब्रेंटला येऊन आठ महिने झाले होते आणि त्याला अपाचींबद्दल सगळं कळून चुकलं होतं.

जुलैत त्यानं परस्पर फलक लावला: दर शुक्रवारी शेकोटीपाशी सोंगाड्या कोल्ह्याच्या गोष्टी, सांगणार लव्हेरा.

"साप जागे असताना त्याचं नाव काढत नाहीत," ती म्हणाली. "त्या गोष्टी थंडीतल्या. आत्ता सांगितल्या तर साप घरात शिरतात, वीज पडते."

"हेही सांग त्यांना. लोकांना असलं फार आवडतं."

"मी सांगणार नाही."

"हरकत नाही, डार्लीना सांगेल. खोल्या झाडण्यापेक्षा बसून बोलणं बरं, म्हणाली."

डार्लीना तिची भाची. सहावा महिना लागलेला. गोष्टी सगळ्या लव्हेराकडूनच ऐकलेल्या, आणि अक्कल मात्र कुणाकडूनच घेतलेली नाही. पोटात पोर घेऊन ही बया सापांना आवतण देणार, या विचारानं लव्हेराच्या अंगावर काटा आला.

"राहू दे," ती म्हणाली. "मीच उभी राहते."

शुक्रवारी चाळीसेक माणसं जमली. एकानं डोक्याला दुकानातली पिसं बांधली होती. असलं काही अपाचींच्या सात पिढ्यांत कुणी घातलं नसेल. लव्हेरानं कोल्ह्याचा क काढला नाही. ती सरळ त्या पिसंवाल्याकडे गेली, त्याचा हात धरून गदागदा हलवला आणि ब्रेंटच्या आवाजात सुरू झाली.

"अरे मित्रा, ये ये. नाव काय तुझं? बस ना, उभा का? बस म्हणतो ना. खाल्लंस? आणखी खा. गप्प का रे? तब्येत बरी नाही? घरात कुणी गेलंय का? सांग, मनात ठेवू नकोस, मित्रा."

अनोळखी माणसाला मित्र म्हणायचं, तोंडावर नाव पुकारायचं, चारचौघांत दुखणं उकरायचं. अपाचींत यापुढे उद्धटपणा नाही. गोऱ्यांची ही नक्कल अपाची आपापसांत करत, दार लावून, आणि लव्हेरासारखी कुणालाच जमत नसे. आज ती तिनं पाहुण्यांच्या तोंडावर फेकली. चिडतील, उठून जातील, शुक्रवार बंद पडेल आणि डार्लीना सुटेल, असा तिचा हिशेब होता.

माणसं पोट धरून हसली. पिसंवाला हात सोडेना. एक बाई म्हणाली, पुन्हा करा, मला नीट टिपता आलं नाही. सगळ्यांत जोरात टाळ्या ब्रेंटच्या.

"हा कोल्हाच ना, माणसाच्या रूपातला?" त्यानं विचारलं. "अस्सल आहे. शनिवारीही ठेवू."

इतका मठ्ठ माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. तरी तिच्या तोंडून कोल्ह्याचं नाव निघालं नव्हतं, डार्लीना वाचली होती. लव्हेरा खुशीतच स्वयंपाकघरात गेली. तिचा चुलतभाऊ डेल्मर, तिथला आचारी, तवा घासत होता. डार्लीना ताटल्या पुसत होती. खिडकी सताड उघडी होती. दोघांनी सगळं बघितलं होतं.

रोज दुपारी डेल्मर स्वतःहून म्हणायचा, लव्हे, गोऱ्याची नक्कल कर की. तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "अरे मित्रा, बस ना."

डार्लीनानं मान खाली घातली. डेल्मर घासतच राहिला.

"तू हसत का नाहीस?" लव्हेरानं विचारलं.

"ते आता त्यांचं झालं," तो म्हणाला. "आम्हांला दुसरं काहीतरी शोधावं लागेल. आणि ते तुझ्यासमोर करायचं की नाही, तेही ठरवावं लागेल."