जिच्यामागे नदी चालते

“आधी गोळी गिळ, मग माझ्याशी भांड,” केबिरुंगी म्हणाली. दूध साठवायचा पोकळ भोपळा तिनं धुरी द्यायला धुरावर उलटा धरला होता, नजर मात्र दिराच्या मुठीवर.

“आज नाही. एक दिवस चुकली तर काय आभाळ कोसळतंय?”

“मागच्या वेळी कोसळलं होतं. झाडून मीच काढलं.”

करामुझीनं मूठ उघडली. गोळी घामानं जरा विरघळली होती.

चार वर्षं तो धड होता. जेवायचा, झोपायचा, गुरं चारायचा. फक्त नावं उशिरा यायची. समोर गाय दिसायची, ती वासरू असतानाचं तोंडही दिसायचं, आणि नाव आपलं धुक्यापलीकडं रवंथ करत बसलेलं. पूर्वी नव्वद गायी तो एका दमात म्हणायचा, आया-आज्यांसकट. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, सगळा दोष गोळीचा नाही. आजार निजला तरी त्याची पायवाट राहते, गवत यायला वेळ लागतो.

“मुलीकडचे आज लग्नात घ्यायची गाय निवडणार, वहिनी. हाकेला आली नाही तर म्हणतील, यांची नाहीच, कुठून तरी हाकून आणलीय. तुझ्या पोराचं लग्न माझ्या डोक्यापायी मोडू दे?”

“आणि गोळी नाही घेतलीस तर नवरदेवाच्या आधी तूच नाचशील. नऊ रात्री.”

त्याला हसू आलं. ते दाबत त्यानं गोळी तोंडात टाकली, वर दूध प्यायला.

ऊन वर आलं तेव्हा पाहुणे आले. मुलीचा म्हातारा काका कळपातून सावकाश फिरला. धुळीत नुसती शिंगंच तरंगत होती, लांब, पांढरी, जणू खाली गायीच नव्हत्या. म्हाताऱ्याची काठी एका पांढऱ्या गायीकडं वळली.

“हिला बोलाव.”

घरात सगळे तिला पांढरीच म्हणत. ती कधी वळायची नाही. खरं नाव करामुझीनंच ठेवलेलं, झोप उडाली होती त्या वर्षी. नऊ रात्री तो त्या वासराशी बोलत बसला होता. ते बोलणं वाहून गेलं, त्यातच नावही.

तो उभा राहिला. कुंपणापाशी धूर रेंगाळत होता.

“काका, नाव हरवलंय माझ्याकडून,” तो म्हणाला. “घर सांगतो.”

आणि त्यानं सांगितलं. हिची आई. आईची आई, दुष्काळात गेली ती. तिची आई, एका शिंगाची. मध्येच तो एवढा थांबला की गायीच्या पाठीवरचा बगळा उडून, फिरून, परत येऊन बसला. कुणी घाई केली नाही. तो सातव्या आईपर्यंत गेला.

म्हाताऱ्याची काठी खाली आली नव्हती. “घर कळलं. पण गाय अजून तिथंच आहे, पोरा.”

मागं, भोपळ्यांपाशी, केबिरुंगी हळूच म्हणाली, “जिच्यामागे नदी चालते.”

पांढरीनं मान उचलली. मग आली, सरळ, करामुझीच्या छातीला नाक लागेपर्यंत.

“एवढं नाव घेईस्तोवर दूध नासेल आमचं,” म्हातारा म्हणाला आणि काठी टेकली. माणसं हसली.

करामुझी वहिनीजवळ आला.

“तुला ठाऊक होतं?”

“त्या रात्री मीही जागीच होते की.”

“मग चार वर्षं बोलली का नाहीस?”

ती भोपळा पुसत राहिली, पुसून झाला होता तरी. “वाटलं, नावामागून त्या रात्रींतला तूही परत येशील.”

त्यानं नाव ओठांत म्हणून पाहिलं. दोनदा. गायीचं नाव होतं. आत काही उसळलं नाही.

बाहेर पाहुणे उठले होते. गाय ज्याच्यापाशी आली त्यानंच ती पोचवायची, दोन रात्री तिच्याजवळ काढायच्या, अशी रीत.

“गोळ्या बांधून दे,” तो म्हणाला. “दोन दिवसांच्या. मला निघायचंय आता.”