बेदाण्याच्या शेडातली किंकाळी

तासगावजवळच्या बेदाण्याच्या शेडात मांत्रिक नादबाबाचा दरबार भरला होता, मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध सतरा वर्षांची संयोगिता तापानं फणफणत पडली होती. मधूनच झटके येत. "ओम् नाद, ओम् ब्रह्म, ओम् बिजली!" असं माईकवर म्हणत नादबाबानं चिमटा आपटला की स्पीकरमधून किंकाळी फुटे. खरखरत निघे, चढत चढत कानठळ्या बसवी.

"हवालदार, वळखलं का? तुजा मेलेला जोडीदार! पोरीच्या अंगातनं बोलतोय!" बाबा गरजला.

संयोगिताचे वडील, फौजेतले निवृत्त हवालदार हंबीरराव यांनी हात जोडले. फौजेत त्यांच्या शेजारीच एक दोस्त गोळी लागून पडला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बाबाला मात्र ते दिव्यदृष्टीनं दिसलं म्हणे!

त्यांचा धाकटा भाऊ दादासो म्हणाला, "आवं आण्णा, माईक शिट्टी मारतोय. स्पीकरजवळ धरला की मारतोच."

बाबा हसला. त्यानं माईकच वायरीसकट उपटून दादासोच्या हातात दिला आणि चिमटा आपटला. किंकाळी आलीच! गर्दीनं लोटांगण घातलं.

"दवाखान्यात न्हेलीस तर भूत पोरीला घिऊन जाईल," बाबानं बजावलं. हंबीररावांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेत संगीत शिकवणाऱ्या अश्लेषाबाई तिला सांगलीला न्यायला जीप घेऊन आल्या. त्यांनी तिचं मनगट धरलं, नाकाशी बोट धरलं. पोर गार पडली होती. भूत मात्र स्पीकरमधून ओरडतच होतं.

बाईंची नजर कोपऱ्यात गेली. आरतीला साथ करणारा बाबाचा चेला तिथं विजेच्या पेटीवर एक पट्टी दाबून बसला होता. पेटीतून पेटीचाच सूर निघणार, म्हणून तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. बाईंनी चेल्याचा हात झटकला.

"हवालदारसाहेब, इकडे या. ही पट्टी दाबा. आणखी जोरात."

हंबीररावांच्या बोटाखाली तीच किंकाळी चढत गेली. बोट उचललं, ती थांबली.

"हा सिंथेसायझर आहे," बाई म्हणाल्या. "विजेची गिटार स्पीकरसमोर धरली की तिचाच आवाज तिच्यात शिरून किंचाळतो, माईकचं होतं तसंच. हे यंत्र त्या आवाजाची नक्कल करतं. त्याची वायर थेट स्पीकरला जाते, माईक लागत नाही."

"मंग माजा जोडीदार?"

"तो बोललाच नाही हो."

बाबा मागच्या दारानं सटकत होता. दादासोनं त्याची मानगूट धरली. पण त्यानं पोर थोडीच परत येणार?

लोकहो, आवाज कुठून आला ते कळलं नाही, तर "कळलं नाही" म्हणा, भूत म्हणू नका. अन् आजाऱ्याला आधी डॉक्टर दाखवा. सांगलीचा दवाखाना तासाभरावर होता. दवाखान्यासाठी आलेल्या त्याच जीपमधून हंबीररावांनी पोरीचा देह घरी नेला.